तेविसावा वेढा

तुम्ही पुतळ्याचा गळा मोकळा ठेवलात, साहेब. हा तुमचा पहिला गुन्हा.

तुमच्या प्रयोगशाळेत जेलीचा एक पुतळा आहे. नुसतं धड. माणसाच्या अंगात जेवढं पाणी, जेवढं मीठ, तेवढंच त्याच्यात. त्याच्या छातीवर पट्टा बांधून तुम्ही दीड वर्ष मापं घेतलीत, शिक्के मारलेत आणि हे यंत्र सगळ्यांना चालेल असं लिहून मोकळे झालात. त्या पुतळ्याचं कधी लग्न झालं नव्हतं. त्याच्या गळ्यात कुणी डोरलं घातलं नव्हतं, ताईत बांधला नव्हता, सरी चढवली नव्हती. खऱ्या बाईच्या गळ्यात काय काय असतं, हे तुम्ही घरी जेवता जेवता विचारलं असतंत तरी कळलं असतं. विचारलं नाहीत. आणि भामा सानप मेली.

कशी मेली, ते आता ऐका.

भामा ही सिन्नरजवळच्या अंबादास सानपांची दुसरी बायको. अंबादास जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार मोजून वेढे घालत भरायची, हा त्यांचा धंदा. पहिली बायको हौसा दोन वर्षांची पोर मागे ठेवून तापानं गेली. वर्षभरानं भामा आली. लग्नात तिच्या गळ्यात डोरल्याच्याही आधी टाक पडला. चांदीचा, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा पत्रा आणि त्यावर उठवलेली बाईची आकृती. सवतीचा टाक. मेलेल्या थोरलीला गळ्यात घेऊन धाकटीनं नांदायचं, म्हणजे थोरली कोपत नाही, तिच्या लेकराला धक्का लागत नाही.

पुष्कळ बायका हा टाक घालतात आणि विसरून जातात. भामा विसरली नाही. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायची. अवसेला पहिला घास त्याला दाखवायची. बाजारातून बांगड्या आणल्या की म्हणायची, "बघ गं थोरले, तुझ्या आवडीचा रंग आहे का?" आणि हौसाच्या त्या पोरीला, वृषालीला, तिनं असं वाढवलं की वृषाली तिलाच आई म्हणायची. जन्म देणारी तिच्यासाठी फक्त चांदीची होती. भामाला स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

वृषाली बापाच्या मांडीवर बसून वेढे मोजायला शिकली. पुढं डिप्लोमा केला आणि सिन्नरच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागली. अंगावर वागवायच्या बिनतारी यंत्रांच्या कॉइल आणि अँटेना ती तिथं आखायची. घड्याळांच्या, कानातल्या यंत्रांच्या, आणि शेवटी हृदयाच्या पट्ट्यांच्या.

दोन हजार एकोणचाळीस साली भामाचं हृदय फुगलं. जिना चढताना मधेच बसावं लागायला लागलं. तुमच्या मंडळाच्या, म्हणजे ही यंत्रं तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी मंडळाच्या, योजनेतून तिला छातीत पंप बसवला. ऑपरेशन चाललेलं असताना अंबादास चार तास दवाखान्याच्या बाकावर टाक मुठीत धरून बसले होते, कारण भामानं तशी अटच घातली होती.

आता या पंपाची गंमत समजून घ्या, कारण सगळं मरण तिथंच आहे. पूर्वी अशा पंपाला वीज द्यायला पोटातून वायर बाहेर काढायचे. त्या भोकातून जंतू आत शिरायचे आणि माणूस पंपानं वाचून जंतूंनी मरायचा. नव्या पंपाला वायर नाही. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, तांब्याच्या तारेची एक चकती, म्हणजे कॉइल, बसवतात. तिच्या बरोबर वर, पट्ट्यात, दुसरी चकती. बाहेरच्या तारेतून भयंकर वेगानं मागंपुढं होणारा प्रवाह सोडला की आतल्या तारेत आपोआप वीज उभी राहते. मधे काही नाही, नुसती कातडी. पण दोघींचा ताल एक पाहिजे. झोक्याला योग्य क्षणी बोट लावलं तरी तो आभाळात जातो, आणि भलत्या क्षणी दोन्ही हातांनी ढकललं तरी जागच्या जागी अडखळतो. तसंच हे. कॉइलचा ताल तिच्या वेढ्यांवर ठरतो. जवळ धातूचा पत्रा आला की तो ताल सरकतो. शिवाय त्या पत्र्यात विजेचे भोवरे फिरायला लागतात. पुढं जायची वीज ते पितात आणि पत्रा तापतो.

म्हणून पट्टा सारखा हिशेब ठेवतो, किती पाठवलं आणि आत किती पोचलं. फरक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की पट्टा वीज तोडतो, शिट्टी घालतो आणि पडद्यावर अक्षरं येतात: परकी वस्तू काढा. पंपाच्या पोटात राखीव वीज असते ती पाऊण तासाची. आंघोळीपुरती.

भामा घरी आल्याच्या चौथ्या दिवशी पट्ट्यानं शिट्टी घातली. ती वाकून भाकरी थापत होती. वाकली की टाक लोंबकळत पट्ट्याखाली सरकायचा आणि दोन्ही चकत्यांच्या नेमका मधे जाऊन बसायचा.

"परकं कोण आलंय गं घरात?" पडद्याकडं बघत भामा म्हणाली.

"टाक आहे तो, आई. काढून ठेव."

भामानं पिठाच्या हातानंच टाक मुठीत धरला. "येडी झाली का तू?"

"बरं, काढू नको. कमरेला बांध."

"कमरेला चाव्या बांधतात. माणूस नाही."

वृषालीनं दोरा आखूड करून टाक पार गळ्याशी नेला. भामा उभी असली की तो तिथं राहायचा. वाकली, आडवी झाली की पुन्हा खाली. आठवड्यात अकरा शिट्ट्या झाल्या. बाराव्या वेळी वृषाली चिडून आली, तर भामा टाकावर हात ठेवून बसलेली.

"वृषू, एक सांगू? हसू नको मात्र." तिनं लेकीचा हात ओढून टाकावर ठेवला. "ही कोमट होऊ राहिली. पंचवीस वरसं गार होती गं. थंडीत तर छातीला नुसता चटका बसायचा. मला वाटायचं, हिला काही मी पसंत नाही. आता बघ."

टाक खरंच कोमट होता. ताप उतरत असलेल्या लेकराच्या कपाळासारखा.

वृषालीनं समजावलं. भोवरे समजावले, ताल समजावला, कागदावर दोन गोल काढून दाखवले. "ही ऊब म्हणजे तुझी वीज आहे, आई. तुझ्या काळजाला जायची, ती वाटेत हिच्यात मुरते."

भामानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग तिलापण थोडी लागू राहिली असंल. घेऊ दे की. पोटची पोर मला देऊन गेली ती. मी तिला एवढी ऊब देऊ नको?"

दोन गोलांचा कागद वृषालीनं घडी करून ठेवून दिला.

मग वृषालीनं लबाडी केली. कारखान्यात तसाच टाक प्लास्टिकचा बनवला, वर चांदीचा रंग दिला, आत वजनाला काचेचा चुरा भरला. दवाखान्यात तपासणीपुरता टाक काढून भामा लेकीच्या हातात द्यायची. त्या दिवशी लेकीनं परत दिला तो खोटा. संध्याकाळपर्यंत एकही शिट्टी झाली नाही. वृषालीला वाटलं, जिंकले.

दिवेलागणीला भामा तिच्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही.

"कुठं ठेवली तिला?"

"कुणाला?"

"ही गार आहे. कुठं ठेवली?"

"...डब्यात आहे, आई. नीट आहे."

"कसल्या डब्यात?"

"स्क्रूच्या."

"स्क्रूच्या डब्यात," भामा म्हणाली. "आईला."

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी वृषालीनं खरा टाक आणून स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातला आणि पायाला हात लावला. टाक काढ म्हणून ती दोन महिने भांडत आली होती. त्या दिवसानंतर तो विषय तिनं बंद केला.

वाट दाखवली ती अंबादासांनी. अंगणात ते एक मोटार भरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मोटार पाण्यात बुडून राहणार हे ठाऊक असलं, तर आपण बुडून चालणारीच मोटार भरतो. विहिरीला थोडंच सांगायला जातो, बाई गं, तू आट म्हणून?"

"पण अण्णा, टाक हलतो ना सारखा."

"मग त्याला बसायला जागा दे."

वृषालीनं पट्ट्याला आतून, चकतीच्या बरोबर मधोमध, मऊ कापडाचा खिसा शिवला. टाक आता हलणार नव्हता. मग बापाच्याच हातयंत्रावर नवी कॉइल गुंडाळली. चांदी जवळ असली की ताल वर सरकतो, तेव्हा तो खाली ओढायला एक वेढा जास्त घातला. मंडळाच्या नकाशात बावीस होते. हिनं तेवीस घातले. टाक खिशात असताना ताल पुन्हा जागेवर आला. टाक साडेअडतीस अंशांवर थांबायचा, आणि कातडी भाजायला त्याहून बरंच जास्त लागतं. तरी टाक थोडी वीज पिणारच होता, म्हणून कारखान्यातली केबल लावून आईच्या पट्ट्याची मर्यादा तिनं तेवढीच वर नेली. तिचे साहेब खानोलकर यांनी हे पाहिलं. चष्मा पुसत म्हणाले, "सानप, मी चहाला गेलो होतो हं."

भामानं खिशावरून हात फिरवला. "घर केलंस की गं तिला."

एक वर्ष आणि दोन महिने एकही शिट्टी झाली नाही. भामा गच्चीवर चढायला लागली, लग्नांना जायला लागली, भांडायलाही लागली. वृषालीनं सगळं गणित एका गोष्टीवर उभारलं होतं: ही बाई टाक कधीच काढणार नाही. एवढी खात्री तिला कुठल्याच यंत्राची नव्हती.

ती एवढ्यावर थांबली नाही, हेही लिहून ठेवा. कारखान्यात परत आलेले पट्टे तिनं काढून पाहिले. 'आपोआप बंद पडतो' अशी तक्रार दोनशे बारा पट्ट्यांवर होती. त्यातले एकशे नव्वद बायकांचे. तिनं मंडळाला सात पानी अर्ज लिहिला. प्रत्येक रोग्याची मापं त्याच्या अंगावर रोज जे असतं त्यासकट घ्या, वेढे त्याप्रमाणे घाला, मर्यादा त्याप्रमाणे ठेवा. मंडळाचं उत्तर दोन ओळींचं आलं. रुग्णांनी परकी वस्तू काढून ठेवाव्यात. पुस्तिका, पान चार पाहावे.

मग मोठ्या शहरातला एक गृहस्थ शर्टाच्या खिशात गाडीची किल्ली ठेवून झोपला आणि त्याच्या छातीला रुपयाएवढा फोड आला. एक फोड. तो टीव्हीवर दोन दिवस दाखवला. तिसऱ्या दिवशी मंडळाचं परिपत्रक निघालं: सर्व पट्ट्यांची मर्यादा निम्मी करण्यात येत आहे. नवी आज्ञा शुक्रवारी सकाळी लहरींवरून थेट पट्ट्यांत उतरेल. रुग्णांनी काहीही करण्याची गरज नाही.

वृषाली परिपत्रक घेऊन खानोलकरांकडं धावली. "साहेब, आईचा पट्टा निम्म्या मर्यादेत बसत नाही."

"मी सूट मागितली आहे. नंबर यादीत घातलाय."

"लेखी आलं का?"

"येईल गं. शुक्रवारपर्यंत दोन दिवस आहेत."

"नाही आलं तर?"

"तर शुक्रवारी रजा घे, घरी बस, जुनी कॉइल लाव. आईला समजाव एक दिवस."

तिनं शुक्रवारची रजा टाकली. आईला काही सांगितलं नाही. टाक काढायचं नाव काढलं की ती जेवण सोडायची, मग दोन दिवस आधीच कशाला, असा तिचा विचार.

त्या शुक्रवारी गुड फ्रायडे होता. परिपत्रक लिहिणाऱ्याच्या ते लक्षात नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कोण येणार, म्हणून मंडळानं काम एक दिवस अलीकडं ओढलं. कुणाला कळवलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊला वृषाली कारखान्याच्या कवचखोलीत शिरली. अँटेना मोजायची ती खोली. भिंतींना, छताला, दाराला तांब्याची जाळी, म्हणजे बाहेरची एकही लहर आत येत नाही. फोन बाहेर कप्प्यात ठेवावा लागतो. अंबादास एका वस्तीवर विहिरीतून मोटार वर काढत होते. भामा घरी एकटी होती. गच्चीवर कुरडया घालत होती.

वृषाली साडेदहाला बाहेर आली. फोनवर आईचे पाच कॉल होते आणि एक निरोप, नऊ चाळीसचा. तिनं तो उभ्या उभ्याच ऐकला. मागं पट्ट्याची शिट्टी वाजत होती. भामाला दम लागला होता, पण आवाजात भीतीपेक्षा वैताग जास्त होता.

"वृषू, उचल की गं. हे मेलं वाजू राहिलंय कवाचं. परकी वस्तू काढा म्हणतंय. काढली बाई. काढला टाक. तुझं ऐकलं शेवटी. थोरलीला म्हणलं, घडीभर बस देवापाशी, पोरीनं लई जीव टाकलाय माझ्यावर, मला अजून जगायचंय. तरीबी वाजू राहिलंय. आता काय काढू?"

वृषालीचा पाय कारखान्याच्या दारातून बाहेर पडण्याआधी तिला सगळं कळलं होतं. टाक असता तर नवी मर्यादा वीज तोडणार. टाक काढला तर तेविसावा वेढा ताल बिघडवणार, वीज पोचणार नाही, फरक वाढणार आणि मर्यादा पुन्हा वीज तोडणार. भामाला वाचायला दारच उरलं नव्हतं. एक तुम्ही लावून घेतलं होतंत, साहेब, आणि दुसरं तिच्या लेकीनं.

वृषालीनं वाटेतून फोन केला होता, म्हणून अंबादास आधी पोचले होते. भामा देवघरासमोर भिंतीला टेकून बसलेली होती. पट्टा छातीवर नीट बांधलेला. हातांना कुरडयांचा चीक वाळलेला. देवघरात तांदळाच्या चिमटीवर टाक ठेवला होता, त्याला हळदीकुंकू वाहिलं होतं. आणि खाली ताटात बाकीचं सगळं. कानातली. नाकातली चमकी. जोडवी. पदराची पिन. ब्लाउजचे तीन हूक, दातांनी तोडलेले. नवरा जिवंत असलेल्या त्या बाईनं शेवटी डोरलंही काढून ठेवलं होतं. यंत्र काढ म्हणत राहिलं आणि ती एकेक काढत राहिली.

अंबादासांनी डोरलं उचललं. कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. ते तसेच हातात घेऊन उभे राहिले.

"अण्णा," वृषाली म्हणाली, "मी मारलं तिला."

अंबादास म्हणाले, "वेढा तू घातलास. खिसा कर म्हणालो मी." आणि खाली बसून त्यांनी बायकोच्या बोटांवरचा चीक नखानं काढायला सुरुवात केली.

दहनाच्या आधी टाकाचं काय करायचं, असं भावकीनं विचारलं. वृषालीनं तो उचलला आणि भामाच्या गळ्यात घातला. धग लागली तेव्हा तो शेवटचा तापला असेल.

दीड महिन्यानं मंडळाची चौकशी बसली. नाशिकला, थंड हवेच्या खोलीत, लांब टेबलापलीकडं तिघं जण. खानोलकर कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून. अध्यक्षांनी अहवालाचा मसुदा वाचला. रुग्णानं धातूची वस्तू वापरण्याचा आग्रह धरला. नातेवाइकानं यंत्रात विनापरवाना बदल केला. मंडळाच्या प्रणालीत दोष आढळला नाही.

"तुम्हाला काही सांगायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी चूक मी लिहून आणलीये." वृषालीनं एक कागद टेबलावर ठेवला. "जास्तीचा वेढा मी घातला. टाक काढलास तर पट्टा उपाशी ठेवील, हे मी आईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण ती तो काढेल असं मला वाटलंच नाही. खाली सही आहे. जी शिक्षा असेल ती द्या."

अध्यक्षांनी कागद वाचला. त्यांचा चेहरा सैल झाला. "तुम्ही प्रामाणिकपणे कबूल केलंत, हे चांगलं झालं. मग आता प्रश्न मिटला."

"माझ्यापुरता मिटला. गुरुवारी ती आज्ञा कुणी सोडली?"

"तो मंडळाचा सामूहिक निर्णय होता."

"सामूहिकाला बोट नसतं, साहेब. बटण एका बोटानं दाबलं जातं. सुट्टीच्या आधी काम उरकायचं म्हणून ते कुणी दाबलं? पट्ट्याच्या आत माणूस आहे, त्याला आधी कळवावं, असं कुणाला वाटलं नाही?"

"बाई, तुम्ही दुःखात आहात."

"आहेच. त्या दिवशी राज्यात आणखी किती पट्टे वाजले? त्या बायकांनी काय काय काढून ठेवलं? तुमच्याकडं आकडा आहे. लहरी परत येतात, सगळं नोंदलं जातं. ती यंत्रं मी बनवते, मला शिकवू नका."

डावीकडच्या बाईंनी, मंडळाच्या सदस्य होत्या त्या, नकळत स्वतःच्या मंगळसूत्राला हात लावला आणि लगेच खाली घेतला.

वृषालीनं आपला कागद अध्यक्षांसमोरून ओढून घेतला, पेन उघडलं आणि स्वतःच्या सहीखाली टोक टेकवून ठेवलं.

"इथं जागा सोडलीये. दुसरं नाव कुणाचं लिहू? सांगा."